तळ्याकाठच्या गावाची चौकशी

आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत मुलगी द्यायची म्हटली की मुलगा मागाहून बघतात, आधी गाव बघतात. पाणी कसं आहे, जमातीत दोन तट आहेत का, त्या घरातल्या सुना माहेरी आल्या की परत जायला कुरकुरतात का, हे कळल्याशिवाय कोणी होकार देत नाही. आणि ही चौकशी त्या गावात करायचीच नसते. स्वतःच्या गावाबद्दल वाईट कोण बोलणार? चौकशी करायची ती पलीकडच्या गावात. खाडीच्या त्या काठाला एखादी ओळखीची बाई गाठायची, हातात घरचा खाऊ घेऊन जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि उठता उठता विषय काढायचा. आमच्या घराण्यात हे काम माझ्याकडे आहे. शारजात बसून, नुसत्या फोनवरून, मी नात्यातल्या मुलींची दोन स्थळं मोडलेली आहेत. दोन्ही वेळा मी बरोबर होते, हे आजही कोणी नाकारणार नाही.

तर अशा बाईच्या पोटच्या मुलीने एका शनिवारी कोळंबी सोलता सोलता मला सांगितलं की तिने मुलगा बघितलाय. माझी मुलगी अबूधाबीच्या टोकाला, रुवैसला, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे. आठवडाभर तिथल्या क्वार्टर्समध्ये राहते आणि वीकेंडला आमच्याकडे, शारजातल्या अल नहदाला येते.

मुलगा तिथेच रिफायनरीत टेक्निशियन. मुसलमान, नमाजी, सिगरेट ओढत नाही. इथपर्यंत मी शांत होते. मग विचारलं, गाव कुठलं?

"इंडोनेशिया, मम्मी."

"देश नाही विचारला. गाव."

"सुमात्रा. वेस्ट साइड. देअर इज अ लेक."

मी कपाळाला हात लावला. हिचे अब्बा बाहेर टीव्ही बघत होते, त्यांना सगळं ऐकू गेलेलंच होतं. आवाज कमी न करता ते म्हणाले, "चौकशी तू कर. तुझं समाधान झालं तर माझी हरकत नाही. नाही झालं तर खलास, हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही." म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी रिझल्टच्या दिवशी बघायची तशी.

खरं सांगते, मला नाहीच म्हणायचं होतं. एकच मुलगी. ती अशा कुठल्या गावात जाणार जिथलं एक माणूस मला माहीत नाही, जिथे ती रडली तर मला सांगायला शेजारीण नाही. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण चौकशीतूनच निघतं.

पुढच्या शनिवारी मुलगा घरी आला. बुटका, हसरा, बोलणं इतकं मऊ की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. रुवैसला राहून कामापुरती हिंदी शिकलेला. येताना गावची दालचिनी घेऊन आला. त्यांच्याकडे म्हणे झाडाची साल रस्त्याच्या कडेला वाळत घालतात आणि गाड्या वळसा घालून जातात. मी वास घेतला. आमच्याकडच्या दालचिनीपेक्षा जाड आणि तिखट निघाली, खोटं कशाला बोलू.

मी गाव विचारलं आणि त्याने सांगितलं, आणि ऐकता ऐकता माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही. एका जुन्या ज्वालामुखीच्या खड्ड्यात पाणी साठून झालेलं तळं. चारी बाजूंनी डोंगर. वरून घाट उतरतो आणि प्रत्येक वळणाला नंबराची पाटी आहे. त्या गावातल्या पोरांना घर कुठे म्हणून विचारलं तर कितव्या वळणाखाली ते सांगतात. घाटावर थंड हवेचं बाजाराचं गाव आहे, मधोमध मोठं घड्याळ असलेलं. खाली तळ्याकाठी वाड्या, वाड्यांमागे भातखाचरं, त्यांच्यावर जायफळ, लवंग, दालचिनी. नारळ उतरवायला माकडं पाळतात. कमरेला दोरी बांधून माकड वर सोडायचं, ते नारळ पिरगाळून खाली टाकतं. हे ऐकून आमचे हेसुद्धा टीव्ही सोडून इकडे वळले. आमच्या गावात पाडेली मिळत नाही म्हणून नारळ झाडावरच सुकतात, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

पण त्या गावचं सगळंच काही गोड नव्हतं आणि मुलाने ते लपवलंही नाही. तळ्यात लोक पिंजरे टाकून मासे वाढवतात. कधी कधी बरेच दिवस वारा-पाऊस लागला की तळाचं पाणी वर येतं, गंधकाचा वास सुटतो आणि एका सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगतात. त्याच्या मामाचे पिंजरे तसेच गेले. मग गावभर इतकी दुर्गंधी की लोक नाकाला फडकं बांधून जेवायला बसतात. जमीन हलते ती वेगळीच. जमीन हलली की माणसं आधी डोंगराकडे बघतात, दरड आली का म्हणून. आणि तरणे पुरुष गावात राहतच नाहीत. मुलगा मोठा झाला की त्याने बाहेर जायचं, ही त्यांची रीतच आहे. गावात उरतात बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं.

"म्हणजे आमचंच गाव," मी म्हटलं.

"फक्त समुद्र नाही," तो म्हणाला.

मला मुलगा आवडायला लागला होता, तेवढ्यात मी घराचं विचारलं. घर मोठं, छपराची टोकं म्हशीच्या शिंगांसारखी वर गेलेली. त्यात तुझी खोली कुठली? तो हसला. म्हणाला, माझी खोली नाही. घर आईचं आहे, नंतर बहिणीचं होणार. आणि जमीन? तीही आईची. मुलगे दहा वर्षांचे झाले की रात्री झोपायला गावातल्या नमाजाच्या खोलीत जातात. तोही तिथेच झोपून मोठा झाला. बरं, अब्बा? अब्बा आईच्या घरी राहतात.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. हे पाणी प्यायला उठून गेले.

मुलगा गेल्यावर मी मुलीला म्हटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. घरातून काढलेला दिसतो. नाहीतर आपल्या मुलाला खोली न देणारे आईबाप कुठे असतात? ती म्हणाली, "मम्मी, दॅट्स देअर कल्चर. यू कॅन गूगल इट." मी म्हटलं, गूगल त्या गावात राहत नाही.

बोलता बोलता मुलगा एक गोष्ट बोलून गेला होता. त्याला गावच्या पद्धतीचं मटण दुबईच्या करामातल्या एका इबूकडून येतं. इबू म्हणजे आई, आणि बाईमाणसाला मानाने हाक मारायचीही तीच पद्धत. ही इबू ऑर्डरप्रमाणे घरचं जेवण करून देते आणि तिचं गाव त्याच तळ्याच्या समोरच्या काठावर आहे. समोरचा काठ म्हटल्यावर माझे कान टवकारले. अल्लाहने पलीकडचं गाव उचलून करामात आणून ठेवलं होतं.

कोणाला न सांगता मी मंगळवारी निघाले. जाताना स्टीलच्या डब्यात घरी केलेली सांदणं घेतली. नारळाच्या दुधातली, गुळाची. चौकशीला रिकाम्या हाताने जात नाहीत. बस, मग मेट्रो, मग करामाच्या गल्ल्यांतून विचारत विचारत एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पोचले. दार उघडलं आणि नारळाच्या दुधात आटणाऱ्या मटणाचा वास आला. बाई माझ्याच वयाची. तिचा मुलगा इथे हॉटेलात कामाला, ती त्याच्याकडे राहायची. करामात वर्षानुवर्षं काढल्याने हिंदी चांगली बोलायची.

मी मुलाचं नाव घेतलं. तिने डबा उघडला, सांदणाचा वास घेतला आणि मला नीट निरखलं.

"हे तुम्ही स्वतः केलंय?"

"हो."

"मुलीची आई तुम्हीच?"

"हो, मीच."

"आणि तुमच्या भावाला ठाऊक आहे?"

हा प्रश्न मला चमत्कारिक वाटला. पण भावाला मी फोनवर सांगितलं होतं, म्हणून म्हटलं, आहे ठाऊक. ती आत गेली आणि डोक्यावरचा स्कार्फ बदलून, चांगला कलाबतूचा बांधून बाहेर आली. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष चौकशीकडे.

तिने सगळं सांगितलं. मुलाची आई तोंडाने फटकळ, मनाने साफ. घरात कोणी वेडा नाही, कोणी जेलमध्ये नाही, कोणी दुसरी बायको केलेली नाही. बहिणीचं शिक्षण याने केलं. आणि मुलाला घरातून काढलेलं वगैरे काही नाही. तिकडे घर बायकांचंच असतं. मुलगी राहते, मुलगा निघतो, आणि लग्न झालं की बायकोच्या घरी जातो. मी तोंडात बोट घालून ऐकत होते. निघताना तिने माझ्या डब्यात मटण भरून दिलं. रिकामा डबा त्यांच्यातही परत देत नाहीत. घरी येईपर्यंत माझं समाधान झालेलं होतं आणि त्यामुळेच मी जरा नाराज होते. नाही म्हणायला कारणच सापडलं नाही.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. आवाज चढलेला. "मम्मी, व्हॉट डिड यू डू?"

मी काय केलं होतं ते तिने मला समजावलं. त्यांच्याकडे मुलाकडचे मुलगी मागत नाहीत. मुलीकडचे मुलगा मागतात. मुलीकडची बाई घरी केलेला गोड खाऊ डब्यात घालून येते आणि घराची विचारपूस करते, तीच मागणीची पहिली पायरी. इबूने त्याच संध्याकाळी तळ्याकाठी फोन लावला. मुलीची आई स्वतः आली, स्वतःच्या हाताने केलेलं घेऊन आली, आणि तिच्या भावाची संमती आहे. मुलाच्या आईचं सगळं कूळ एकत्र बसलं. त्यांच्यात मुलांचं मामा ठरवतो, तर मामाने बोलणी पुढे न्यायला होकारसुद्धा दिला.

मी चौकशीला गेले आणि मागणी घालून आले.

हे ऐकून आमचे हे आधी पोट धरून हसले, आणि मग हसता हसताच त्यांच्या लक्षात आलं की पुढे काय. "म्हणजे तो आमच्याकडे राहायला येणार? घरजावई? अगं, जमातीत तोंड कुठे दाखवू?" मी म्हटलं, थांबा जरा, आधी ती लोकं काय म्हणतात ते बघू. पुढच्या रविवारी इबूच आली. डबा घेऊन, तोच कलाबतूचा स्कार्फ बांधून. मामाने तिला मुलीच्या आईचं घर बघायला पाठवलं होतं.

मी घर दाखवलं. दोन खोल्या, हॉल, बाल्कनीतून दिसणारी दुबईच्या हद्दीकडची ट्रॅफिक. तिने पडद्यांची तारीफ केली. मग बसल्यावर, अगदी साधेपणाने, विचारायला लागली.

"हे घर तुमचं?"

"नाही, भाड्याचं. ह्यांची नोकरी आहे तोवर. पुढच्या वर्षी रिटायर होतील, मग व्हिसाही जाईल."

"मग इंडियातलं?"

"ते ह्यांचं आणि ह्यांच्या भावांचं. माझी खोली आता जावेच्या सुनेला दिलीय."

"तुमच्या आईचं घर असेल."

"ते माझ्या भावाचं."

तिने बोटांवर तिन्ही घरं मोजली. मग म्हणाली, "आणि तुमचं?"

मला इतका राग आला की हातातला कप खाली ठेवावा लागला. कोण कुठली ही बाई, माझ्या हॉलमध्ये बसून मला हे विचारणारी. पण तिच्या चेहऱ्यावर खोचकपणा नावाला नव्हता. तिला खरंच वाटत होतं की कुठेतरी असेलच. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या घरांची चौकशी केली, कोणाच्या घरात किती सुना, कोणाचा माडीवर हक्क. माझी चौकशी कोणी केलीच नव्हती. मी म्हटलं, चहा थंड होतोय, घ्या.

त्या आठवड्यात मामाचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, आई चांगली आहे, पण मुलाने जायचं कुठे? मुलगी म्हणाली, आम्ही रुवैसला राहू, क्वार्टर्समध्ये. त्यावर मामाने विचारलं, आणि नोकरी गेली की? त्याला काही झालं की? ती कुठे उभी राहणार? त्याच्या आईच्या घरात सुनेला जागा नसते, ते त्याच्या बहिणीचं घर. आईचा होकार नसेल तर मुलगा निकाह करणार नव्हता, तसं त्याने रडत रडत सांगितलं. आमचे हे म्हणाले, बरं झालं, सुटलो. मुलगी शनिवारी घरी आली, खोलीचं दार लावून बसली आणि जेवायला बाहेर आली नाही. मी दारात ताट घेऊन उभी राहिले. "आय ॲम नॉट हंग्री, मम्मी." मला त्या मामावर चिडायचं होतं आणि चिडता येईना. तो जे विचारत होता ते माझ्या निकाहाच्या वेळी माझ्या मामाने विचारायला पाहिजे होतं.

काही दिवसांनी इबू पुन्हा आली. या वेळी कोणी पाठवली नव्हती. मुलगी रुवैसला होती, आम्ही दोघंच घरात. इबू म्हणाली, तळ्याच्या समोरच्या काठावर माझं घर आहे, माझ्या आईकडून आलेलं. मला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. मुलगी नसलेलं घर आमच्यात संपलेलं घर समजतात. आता बंद आहे, छप्पर गळतं, खांबांवरच्या घराखाली शेजाऱ्याच्या बकऱ्या बसतात. बाहेरून आलेल्या मुलीला कुळात घ्यायची आमच्यात रीत आहे. एका कुळात लग्न होत नाही, म्हणून कूळ मुलाचं नको, दुसरं हवं, आणि माझं दुसरं आहे. गावाला जेवायला घालायचं, मोठ्यांसमोर सांगायचं, की त्या दिवसापासून ती माझी मुलगी. घर तिचं, भाताची दोन खाचरं तिची. मग तो तिच्या घरी येईल आणि मामाला बोलायला जागा राहणार नाही.

आमचे हे ताडकन उठले. "माझी मुलगी काय अनाथ आहे?"

"नाही," ती म्हणाली. "बापाचं नाव बापाचंच राहील. मी फक्त तिची आई होणार. म्हणून यांना विचारायला आले."

ती माझ्याकडे बघत होती. हे तणतणत असरच्या नमाजाला निघून गेले.

मुलीला नऊ महिने पोटात वागवलं, इथल्या उन्हात स्कूलबससाठी उभी राहिले, तिच्या परीक्षांना रोजे धरले, आणि आता एक बाई डबा घेऊन येऊन म्हणते की ही मला द्या. द्यायची नाही म्हटलं तर मुलगी हातची जाते. द्यायची म्हटलं तरी जातेच. पण मग मला दिसलं की माझी मुलगी माझ्या वयाची झालीय, कुणाच्या तरी भाड्याच्या हॉलमध्ये चहा देतेय, आणि कोणीतरी तिला विचारतंय की तुमचं घर कुठलं. ते मला सहन होईना.

मी हो म्हटलं. हिच्या अब्बांना मी सांगेन, त्यांचं काय ते मी बघेन.

इबूने माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाली, आता तिच्याबद्दल सांगा, मला काहीच माहीत नाही. आणि मी सांगायला लागले. तिला पपई चालत नाही, वासानेसुद्धा उलटी होते. पालीला घाबरते, तुमच्या लाकडी घरात पाली असतील. भूक लागली की चिडते, तेव्हा तिच्याशी वाद घालू नका, आधी खायला द्या. तिरकी झोपते, नवऱ्याला खाली पाडेल. डोक्याला तेल लावून घेते, पण आपण मागे लागावं लागतं. रागावली की इंग्लिशमध्ये बोलते, त्यातलं अर्धं खरं नसतं. इबू मान हलवत, ओठांनी पुटपुटत सगळं पाठ करत होती.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. तिला ताप आला की ती सांगत नाही. लहानपणापासून तशीच, अंग भाजत असलं तरी म्हणते, आय ॲम फाईन. गळ्यावर हाताची मागची बाजू ठेवून बघावं लागतं. कपाळाला कळत नाही, कपाळ तिचं गारच असतं. हे जगात मला एकटीला माहीत आहे. ते मी मुद्दाम ठेवून घेतलं. एवढं तरी माझं राहू दे म्हटलं.

इबू गेली. मी कप धुतले, मगरिबची नमाज पढले, तांदूळ धुतले. धुता धुता ते तळं डोळ्यांसमोर आलं. पाऊस लागलाय, घाट बंद आहे, आणि शिंगांच्या छपराखाली कुठल्याशा खोलीत माझी मुलगी पांघरूण घेऊन पडलीय आणि दारातून विचारणाऱ्याला सांगतेय, आय ॲम फाईन. आणि त्या घरातलं प्रत्येक माणूस तिच्या कपाळाला हात लावून निश्चिंत होऊन निघून जातंय.

तांदूळ तसेच ठेवून मी इबूला फोन लावला. ती मेट्रोत होती, आजूबाजूला गलका. मला ओरडून सांगावं लागलं. ताप, गळा, हाताची मागची बाजू. कपाळ नाही, गळा. तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"आणखी काही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता काही राहिलं नाही."